बंद केबिनमधली बेल

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहाचा कप उचलून बाहेर जातो. प्रोग्रामर माणूस... बटण दाबलं तर काहीतरी होणार, नाही दाबलं तर काही होणार नाही, एवढाच माझा देवधर्म.

२००३-०४ च्या सुमारास जालना एमआयडीसीतल्या सळया बनवणाऱ्या एका रोलिंग मिलमध्ये माझे सख्खे काका भट्टीजवळच्या केबिनमध्ये बसायचे, आणि मी तिथल्याच ऑफिसात कॉम्प्युटरचं काम बघायचो. ऑफिस लांब, आणि मशीनच्या आवाजात फोनवर काहीच ऐकू यायचं नाही. म्हणून मालकांनी मला दोन्हीकडचे कॉम्प्युटर जोडून एक वेबपेज करायला लावलं. काकांनी केबिनमध्ये ‘माणूस पाठवा’ बटण दाबायचं, की ऑफिसच्या पेजवर बेल. तिथल्यानं ‘आलो’ दाबलं, की बेल बंद आणि काकांच्या स्क्रीनवर हिरवी पट्टी.

पण काका दरवेळी दोनदा दाबायचे, अन् बेल दोनदा वाजायची. मी वैतागलो. “काका, एकदाच दाबा ना!”

“पम्या, मिलमधी बोलवायचं तर सळई पत्र्यावर दोनदा हाणतेत. एक आवाज लोखंड पडल्याचा बी असतो रे. दोन आले की समजायचं, माणूस बोलावून राह्यला.”

मी प्रोग्रामच बदलला. एका क्लिकला पेज ढिम्म. लागोपाठ दोन झाल्या तरच बेल. काका जाम खूश झाले.

पुढे काकांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. ते सरकारी दवाखान्यात, काकू उशाशी. त्याच सुमारास भट्टीच्या दुरुस्तीसाठी मिल बंद होती. केबिनला कुलूप होतं आणि तिथला कॉम्प्युटर मीच काढून, वायर गुंडाळून, ऑफिसच्या कपाटात ठेवला होता.

त्या दुपारी मी ऑफिसात एकटाच होतो. आणि बेल वाजली.

वाटलं, आपल्याच कोडमध्ये काहीतरी घोळ असेल. पेज बंद करून उघडलं – वाजतेच आहे. मशीन बंद करून चालू केलं – वाजतेच आहे! कपाट उघडून पाहिलं, वायर जशीच्या तशी गुंडाळलेली. शेवटी सवयीनं ‘आलो’ दाबलं, आणि बेल थांबली.

तसाच धावत सुटलो... केबिनकडे. दुसरीकडे कुठे जायचं हे मला सुचणार तरी कसं? कुलूप तसंच, काचेतून रिकामी खुर्ची दिसत होती. हाका मारून मारून घसा बसला. कुणी असेल तर ओ देईल ना!

संध्याकाळी दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. काकू माझा हात धरून म्हणाली, “दुपारी ह्यांचं डावं बोट खाटेच्या लोखंडावर वाजून राह्यलं होतं. दोनदा... मंग थांबून परत दोनदा. मला काहीच समजंना रे. मंग एकाएकी थांबले. चेहरा बी निवांत झाला. दाराकडंच बघत राह्यले. मी म्हणलं, कुणी येणार हाय का? तर ‘हो’ म्हणून मान हलवली. लई वेळ बघितलं रे पम्या त्यांनी.”

नंतर तो प्रोग्राम मी कितीदा तपासला असेल! क्लिकचा कुठेच पत्ता नाही. मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनीही हात टेकले.

ती हिरवी पट्टी काकांना कुठे दिसली, देव जाणे. पण दिसली असणार. मी ‘आलो’ म्हणालो होतो, आणि ते माझी वाट बघत होते.