दार-ए-सलामची खिरापत

नागपूरच्या महाल भागातल्या त्या गल्लीत मी सायकलरिक्षातून उतरले तेव्हा ओट्यावर पाच-सहा बायका जमल्या होत्या. आफ्रिकेची मुलगी राहायला येणार, ही बातमी माझ्या आधी पोचली होती. मी ट्रंक उतरवून घेतली, नमस्कार केला, तरी सगळ्यांच्या नजरा माझ्या खांद्यावरून गल्लीच्या तोंडाकडे. शेवटी एकीनं मलाच विचारलं, "काहून वं, ते आफ्रिकेची पोट्टी मागून येऊन राहिली का?"

"मीच ती," मी म्हटलं. दोन वेण्या, सुती साडी आणि तोंडात कोकणातली मराठी. बिचाऱ्यांचा इतका हिरमोड झाला की मलाच अपराधी वाटायला लागलं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझा जन्म दार-ए-सलामचा. आजोबा रत्नागिरीकडून तिकडे रेल्वेत नोकरीला गेले आणि तिथलेच झाले. आमच्या घरात मराठी, बाजारात स्वाहिली आणि शाळेत इंग्रजी. नागपूरच्या विद्यापीठात मला परदेशी विद्यार्थिनी म्हणून जागा मिळाली, पण बाबांनी अट घातली: चांगल्या घरात राहायची सोय झाली तरच शीक, नाही तर बोटीत बस आणि परत ये. होस्टेलचं नाव काढू देत नव्हते. बाबा एकदा बोलले की संपलं. तो हट्टीपणा माझ्यातही पुरेपूर उतरलाय, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही हे मला ठाऊक होतं.

ओळखीच्या ओळखीनं त्या गल्लीतल्या काकूंकडे खोली मिळाली. काकू मूळच्या उमरेडकडच्या, शेतकरी घरातल्या. काका सरकारी कचेरीत कारकून. एकुलती एक लेक लग्न होऊन भिलाईला गेलेली. रिकाम्या खोलीत परकी मुलगी ठेवावी की नाही, याबद्दल काकूंचं मन काही ठरत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी कमरेवर हात ठेवून सांगितलं, "कोजागिरीलोक राहा. मंग पाहू." म्हणजे कोजागिरीनंतर काकू 'नाही' म्हणाल्या की माझं कॉलेज, माझं नागपूर, सगळं खलास.

आणि मला तर नागपूर पहिल्या आठवड्यातच आवडून गेलं होतं! जेवताना डोळ्यांतून पाणी काढणारा तिखट रस्सा आवडला, सकाळच्या पोह्यांवर ओतलेली लालभडक तर्री आवडली. मुली सायकलवरून कॉलेजला जातात हे पाहून मी हरखूनच गेले. मैत्रिणीच्या सायकलवर शिकताना मी एका भाजीच्या हातगाडीवर आदळले, तर भाजीवाला रागवायचं सोडून मलाच ब्रेक कसा दाबायचा ते समजावत बसला. एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे समुद्र. मी एकदा तसं बोलून गेले तर काका भलतेच दुखावले. रविवारी मला फुटाळा तलावावर घेऊन गेले आणि म्हणाले, "हे घे. याले काय झालं?"

पण काकूंचा अंदाज येईना. मी घाबरून खोलीत पुस्तक घेऊन बसायची, तर त्यांना वाटायचं पोरगी शिष्ट आहे. मी मदतीला स्वयंपाकघरात जायची, तर म्हणायच्या, "तू बस तिकडं, पाहुणी हायेस." हा 'पाहुणी' शब्द मला बिलकूल आवडत नसे. पाहुण्यांना जावं लागतं.

भाद्रपदाची पौर्णिमा जवळ आली तसा काकूंच्या अंगात उत्साह संचारला. त्या दिवसापासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. घरोघरी शंकर-पार्वतीची मातीची जोडी मांडायची, वर ज्वारीच्या धांड्यांचा, म्हणजे कणसासकट ताटांचा, मांडव करायचा, आणि रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुलींनी एकेका घरी जमून गाणी म्हणायची. लेक सासरी गेल्यापासून काकूंच्या घरी भुलाबाई बसली नव्हती. आता घरात मुलगी होती, भाड्याची का असेना. काका थेट उमरेडला गेले आणि शेतातले पाच उंच धांडे एस.टी.तून घेऊन आले. कंडक्टर कसा वैतागला आणि एका म्हातारबाबांच्या टोपीत कणीस कसं अडकलं, हे त्यांनी दोन दिवस सांगितलं.

पहिली संध्याकाळ काकूंनी भांडून आपल्याकडे घेतली होती. समोरच्या घरच्या वहिनींना ती हवी होती, त्यामुळे त्या फुगलेल्या. काकू मला म्हणाल्या, "खिरापत तू कर. तुह्या हातची असू दे. पण काय करशीन ते कोणालेच सांगू नको, मले बी नाई." एवढंच. पुढचं काही सांगितलं नाही, कारण भुलाबाईची खिरापत म्हणजे काय हे ठाऊक नसलेली मुलगी जगात असू शकते, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

करायचं काय, हा प्रश्न पडलाच नाही. मला साधा शिरा धड जमत नसे. पण ट्रंकेत आईनं दिलेला एक डबा होता. त्यात उबुयू होते. गोरखचिंचेच्या बिया साखरेच्या लाल पाकात घोळवून, वेलची-मिरी लावून करतात. तोंडात धरून चघळायच्या, आंबटगोड रस गिळायचा आणि बी टाकून द्यायची. दार-ए-सलामच्या शाळांबाहेर पोरं त्यावर तुटून पडतात. घरची फार आठवण आली की मी एक तोंडात टाकायची. ते सगळे द्यायला जिवावर आलं, पण काकूंच्या भुलाबाईसाठी दिले.

संध्याकाळी गल्लीतल्या मुली आल्या, मांडवासमोर गोल करून बसल्या. काकू आत हळद-कुंकवाचं ताट घेत होत्या. दारात आलेल्या माणसाच्या हातावर आधी काहीतरी ठेवायचं, मग बोलायचं, हे आमच्याकडे आईनं अंगी मुरवलेलं. मी लगेच डबा उघडला आणि एकेकीच्या तळहातावर दोन-दोन उबुयू ठेवत गेले. "खा ना," म्हणत म्हणत.

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. काकू ताट घेऊन बाहेर आल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

"बाप्पा! हे काय करून राहिली वं?"

मग मला समजलं. आधी सगळी गाणी व्हायची असतात. मग झाकलेला डबा हलवून दाखवायचा, मुलींनी आवाजावरून ओळखायचं, गोड का तिखट विचारायचं, आणि हरल्या तरच झाकण उघडायचं. खिरापत ओळखू न देणं हाच तर त्या घराचा तोरा. लेक घरी होती तेव्हा काकूंची खिरापत म्हणे कधी कोणाला ओळखू आली नव्हती. आणि मी उघड्या डब्यातून वाटून मोकळी! दारात समोरच्या वहिनी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. काकूंचा चेहरा पडला. मला वाटलं, आटोपलं, आता बोटीचं बघा.

तेवढ्यात पुढं बसलेल्या मुलीनं, गालात उबुयू तसाच धरून, विचारलं, "पन हे हाय काय?"

"चिंचेची गोळी!" दुसरी म्हणाली.

मी म्हटलं, "नाही."

"आवळासुपारी!" "नाही." "बोरकूट!" "नाही." "लाल खडीसाखर हाय, आत बी घातली हाय!" मुली इरेला पेटल्या. डोळे मिटून चोखायला लागल्या, बिया हातावर घेऊन उजेडात पाहायला लागल्या. ओठ लाल, जिभा लाल. वहिनींना राहवेना, त्या आत आल्या, दोन मागून घेतल्या आणि सुपारी म्हणून हरल्या. काकूंचा चेहरा हळूहळू फुलत गेला. त्यांनीही एक तोंडात टाकला आणि सगळं माहीत असल्यासारख्या ऐटीत म्हणाल्या, "आधी हार माना!" मग माझ्या कानाशी येऊन हळूच, "काय हाय वं हे?"

"तुम्हालासुद्धा सांगायचं नाही, तुम्हीच म्हणाला होतात," मी म्हटलं. त्यांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मला ठसकाच लागला, आणि पोट धरून हसत सुटल्या.

मुलींनी हार मानली. हातात दिलेली, तोंडात गेलेली खिरापत ओळखू आली नाही, असं त्या गल्लीत कधी झालं नव्हतं. मी गोरखचिंचेचं झाड सांगितलं, खोलीएवढ्या बुंध्याचं, तर कोणाचाच विश्वास बसेना.

"हे काई खरं नाई," समोरच्या वहिनी म्हणाल्या. "परदेशी माल आणला. इथली चीज करून हरवा म्हनावं."

काकू उसळल्या. "हरवंन न! पुढच्या साली बी पहिला दिवस आमचाच. मी शिकवतो हिले, मंग पाहा."

बोलून गेल्या आणि वळून कुंकू लावायला लागल्या. कोजागिरी अजून महिनाभर लांब होती. आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी रिकामा डबा धरून नुसती उभी. गाणं सुरू झालं, टाळ्या सुरू झाल्या, तरी मी उभीच. शेवटी काकूच खेकसल्या, "अवं, पाहुण्यावानी उभी काहून? सरक, बस आपल्या पोट्ट्यांत."