रीडरकाकांची झोप

आयुष्य तहसील कोर्टात रीडरकी, म्हणजे साहेबांपुढे कागद तपासून ठेवण्याची कारकुनी, करण्यात गेल्यामुळे की काय, आमच्या रीडरकाकांचा कुणावरच विश्वास नसे. लग्नपत्रिका आली तरी ती उजेडासमोर धरून पाहत. डॉक्टरांनी दिलेली गोळी दोन-तीन दुकानांत दाखवून मगच गिळत. ते माझे चुलते. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून काकू गेल्यावर बालाघाटच्या घरी मी त्यांच्यासोबत राहायला गेलो.

काकू एका दुपारी दवाखान्यातच वारल्या. काका खाटेशेजारच्या बाकावरच होते, पण त्यांचा डोळा लागला होता. तेव्हापासून त्यांचा संशय झोपेवर बसला. खुर्चीत ताठ बसून राहत, पेंग आली की डोळ्यांवर पाणी मारत. "झोपेत मानसाचं काय जाते, त्याले समजतच नाही," म्हणत.

काही महिन्यांत ते विसरू लागले. मला माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारत. एकदा चहा पिता पिता त्यांनी हळूच विचारलं, "तुझी काकू शेवटी मले काय म्हणे रे?"

मी त्यांना नागपूरला नेलं. डोक्याला तारा लावून, दिवसाच झोपवून मेंदूच्या लहरींचा आलेख काढायचा होता. यात मनातलं दिसतं का, हे काकांनी तारा चिकटवणाऱ्या मुलीला दोनदा विचारलं. नंतर डॉक्टरांनी आलेख दाखवला: हे मधूनमधून उठणारे लहरींचे छोटे झुबके, ह्या गाढ झोपेतल्या मोठ्या, संथ लाटा. याच वेळात मेंदू विसावतो आणि दिवसभराचं पक्कं करून ठेवतो. तुम्ही झोपतच नाही, तर लक्षात राहणार कसं?

काका आलेखावर बोट फिरवत राहिले. "मी झोपलो होतो, अन् अंदर कामकाज चालू होतं. त्याच्यावर सही कोनाची?"

तरी घरी आल्यावर ते कुरकुरत झोपू लागले. आधी दुपारी, मला समोर बसवून, मग रात्रीही. हळूहळू मला माझ्या नावानं हाक मारू लागले. एका दुपारी उठले ते थेट माझ्याकडे आले.

"आठवलं. तुझी काकू म्हणे, तुमी जराक पडा, मी आहो नं." मग त्यांचा चेहरा उतरला. "पन हे खरंच आठवलं, का झोपेत मीच बनवलं?"

"खरं आहे, काका. मी दवाखान्याच्या दारातच उभा होतो. मी ऐकलं."

"लबाड बोलून राह्यला तू. त्या दिवशी तू परसवाडा गावाले गेलता, मले पक्कं आठवते."

ते बरोबर होतं. काकांनी उशी सारखी केली आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा पडले.

पुढे चार वर्षं, ते जाईपर्यंत, माझं कुठलंच बोलणं त्यांनी पडताळल्याशिवाय मानलं नाही. झोपले मात्र रोज.