लॉनमधली बांधी

सत्यभामाबाईंना बसता येत नाही. गुडघ्यांचं काही नाही, गुडघे ठणठणीत आहेत. मुलाकडे भंडाऱ्याला राहायला येऊन आठ महिने झाले, पण त्या अर्धा तास एका जागी बसल्याचं कुणी पाहिलेलं नाही. टीव्ही लावून दिला तर पहिली जाहिरात लागायच्या आत बाई फाटकापाशी. भाजी निवडायला दिली तर निवडलेली पुन्हा निवडायच्या.

"आई, बसा ना जी थोडं," सून तेजस्विनी दिवसातून दहादा म्हणायची.

"बसलीच तर आहो," असं म्हणत त्या उठायच्या.

त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. पुनर्वसनातल्या घरात नवराबायकोनं कसेबसे दिवस काढले, आणि नवरा गेल्यावर संजीव आईला इकडे घेऊन आला. गावात रोवणीच्या दिवसांत बांधीत, म्हणजे धानाच्या चिखलातल्या तुकड्यात, बायकांची ओळ उतरली की पहिली जागा सत्यभामाबाईंची. चाळीस वर्षं त्या चिखलात उलट्या पावलांनी चालल्या. अशा बाईच्या हातात लेकानं रिमोट दिला आणि वर म्हणाला, आता आराम कर!

संजीव शाळेत गणित शिकवतो. घरापुढचं लॉन म्हणजे त्याचा जीव की प्राण. चप्पल घालून कुणी त्यावर पाय ठेवला की त्याच्या कपाळावर आठी. सत्यभामाबाईंना मात्र त्या गवताचा भारी राग.

"खायले ढोर नाही, मंग हे गवत कायले वाढवून राहिला बाप्पा?" त्या विचारायच्या.

जून लागला तसा त्यांनी धोशा लावला, मला एक कोपरा दे, वांगी लावतो. पंधरा दिवस ऐकून संजीव टेकीला आला. त्यानं फाटकाजवळचा तुकडा दिला, पण अट घालूनच: "नागपंचमीपर्यंत काही दिसलं नाही, तर तिथं परत लॉन टाकीन."

बाई त्याच दिवशी कुदळ घेऊन उतरल्या. गवताची साल सोलून काढली, माती खणली, कालवली. संजीवनं सरळ रेघेसाठी दोरी आणून दिली, तिच्यावर त्यांनी पायपुसणं वाळत घातलं. संध्याकाळी तो पाहतो तर काय, चारी बाजूंनी वीतभर धुरा, म्हणजे मातीचा बांध, आणि मध्ये सपाट खोलगट जागा.

"आई, वाफा उंच असते, तू खड्डा करून ठेवला! अन हा कोपरा आत वाकडा काहून?"

"तो तसाच येते," त्या म्हणाल्या.

खरं सांगायचं तर त्यांच्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं. घरामागची वांगी-मिरची नवरा पाहायचा. यांचे हात जन्मभर बांधीतले, त्यांनी इथंही बांधीच केली.

जुलैत आठवडाभर झड लागली आणि वांग्यांची रोपं पाण्यात उभी राहिली. बाई दिवसातून वीसदा मग घेऊन पाणी उपसत. रोपं पिवळी पडली, मग मुळाशी कुजली. संजीवनं सरळ लॉनवाल्याला फोन केला. नागपंचमीला शाळेला सुट्टी, त्या दिवशी या म्हणाला. सत्यभामाबाईंना भलतीच लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती. एवढा तुकडाही गेला तर या घरात आपण करायचं काय?

नागपंचमीला दोन दिवस उरले असताना त्या कुजकी रोपं उपटायला गेल्या. हात चिखलात कोपरापर्यंत गेला आणि बोटांमधून चिखल लोण्यासारखा सुटला. त्यांनी तसाच हात बाहेर काढला, साडीला पुसला आणि कोंढा गावच्या भाच्याला, कवडूला, फोन लावला.

"कवडू, तुह्याकडे पऱ्हे उरले काय रे?"

रोवणी आटोपली की धानाची थोडी रोपं उरतातच. दुसऱ्या दिवशी कवडू मोटारसायकलवर येऊन त्यांची एक पेंडी टाकून गेला.

नागपंचमीला सकाळी लॉनवाला गवताच्या गुंडाळ्या आणि फावडं घेऊन हजर. बाई फाटकात आडव्या उभ्या.

"आज भुईले फावडं लावत नाही. नागोबाचा दिवस हाये. खेड्यातलाच ना तू?"

त्यानं कानाला हात लावला आणि उद्या येतो म्हणून निघून गेला. संजीव चिडून वर खोलीत जाऊन बसला. बाईंनी पदर खोचला आणि त्या चिखलात उतरल्या.

"आई, आज हे चालते काय?" तेजस्विनीनं विचारलं.

"फावडं चालत नाही. हात चालते."

तीन-तीन काड्या, उलटी पावलं. तासाभरात तुकडा हिरवा झाला.

दुपारी पाऊस धो धो आला. बांधीतलं पाणी चढू लागलं, रोपांचे नुसते शेंडे दिसू लागले. धुरा फोडायला फावडं हवं होतं, पण आज भुईला फावडं लावायचं नाही हे सकाळी स्वतःच ठणकावलेलं. बाई दारातून खिडकीत, खिडकीतून दारात.

वरच्या खिडकीत संजीवही उभा होता. वरून तो तुकडा त्याला पहिल्यांदाच अख्खा दिसला. आत वाकलेला तो कोपरा! त्यांच्या नदीकाठच्या बांधीला असाच कोपरा होता, कारण तिथं मोहाचं झाड होतं. शाळेसाठी दहाव्या वर्षीच भंडाऱ्याला आलेला हा गणितवाला सुट्टीत त्याच झाडाखाली बसून बापाची वाट पाहायचा. आणि आपण आईला दोरी दिली! त्याला स्वतःचाच राग आला.

तो खाली आला, चपलेसकट लॉन तुडवत गेला, वाकड्या कोपऱ्याशी उकिडवा बसला आणि धुऱ्याचं ढेकूळ हातानं उपसून काढलं. बाप तिथूनच पाणी सोडायचा. गढूळ पाणी भळाभळा त्याच्या लाडक्या गवतावर पसरलं.

"आई, पुरं काय एवढं?" तो पावसातून ओरडला.

सत्यभामाबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

"पुरं नोको सोडू रे," त्या म्हणाल्या. "तुहा बाप बोटभर ठेवे."