सोनेगावला निघालेलं दही

साकोलीला ती एस.टी.त माझ्या शेजारी येऊन बसली. एकोडीची होती. मांडीवर फडकं बांधलेला पितळी गडवा. कंडक्टर म्हणाला, "बाई, तो सीटखाली ठेवा." तिनं उलट तो छातीशी धरला.

आत दही होतं. मुलगा नागपुरात कामाला होता. संध्याकाळच्या विमानानं मुंबईला आणि तिथून परदेशी चालला होता. आमच्याकडे लांब निघणाऱ्याच्या हातावर घरची बाई दही ठेवते. हा तर घरून निघालाच नव्हता.

"त्यानं बोलावलं का?" मी विचारलं.

"येऊ नोको म्हणला. दही खात नाही, असं नाही म्हणला."

"विमानतळात आत सोडणार नाहीत तुम्हाला."

"आत कायले जाऊ? तो तं बाहेरूनच जाईल ना?"

नागपूरला सोनेगाव विमानतळाची सिटीबस खच्चून भरली होती. मी दुसरीनं जा म्हणेपर्यंत ती गडवा डोक्यावर धरून, कोपरांनी वाट काढत आत शिरलीसुद्धा. बस हलली तेव्हा ती दिसेना. माणसांच्या डोक्यांवर तेवढा गडवा दिसत होता.

पुढचं मला ठाऊक नाही. पण तिला चुकवून तो पोरगा विमानापर्यंत पोचला असेल, असं मला अजूनही वाटत नाही.