चार वीसची गाडी सोडली तो बुधवार

कोल्हापूर सोडलं त्या दिवशी आमच्या पेठेची मॅच होती आणि माझा धाकटा भाऊ सुरेश गोलकीपर होता. पंच्याऐंशी साल. हे इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून आधीच रुजू झालेले, मी मागून निघालेली. गाडी सुटायला पाच मिनिटं असताना सुरेश धावत आला, अंगात जर्सी, गुडघे मातीने भरलेले. "जिंकलो," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. वडील खिडकीचा गज धरून उसनं हसत होते. म्हणाले, "तिकडं बी फुटबॉल हाय म्हणं. मग तुला परकं वाटायचं न्हाई."

त्यांचा हा अंदाज साफ चुकला.

पहिल्याच हिवाळ्यात एका शनिवारी मी प्लॅटफॉर्मवर एकटी उभी होते. मॅचहून परतणारे पन्नासेक सपोर्टर्स ट्रेनमधून उतरले, गात, आरडाओरडा करत. क्षणभर मला बरंच वाटलं. आमच्या पेठेचा गलका असाच असायचा. मग त्यातला एकजण माझ्यासमोर येऊन थांबला आणि माझ्या कोटावर थुंकला. बाकीचे हसले आणि पुढे गेले. मी तो कोट पुन्हा घातला नाही. यांनी नियम केला, शनिवारी दुपारी ट्रेन नको. सुरेशला मात्र मी पत्रात लिहीत राहिले की इथे टीव्हीवर काय सुंदर मॅचेस दिसतात!

काही वर्षांनी आम्ही मेडनहेडला आलो आणि मला जवळच्या एका पॉलिटेक्निकमध्ये, स्टुडंट्स युनियनच्या ऑफिसात नोकरी लागली. लवकरच त्याची युनिव्हर्सिटी झाली. पाटी बदलली, बाकी सगळं तेच. राहायची सोय नव्हतीच. मुलं ब्रॅकनेलहून, स्लाऊहून, कुठून कुठून यायची आणि लेक्चर्स संपली की चार वीसची ट्रेन पकडायची. साडेचारला कॉमन रूममध्ये गेलं तर रेडिएटरचा आवाज तेवढा ऐकू यायचा. तीन वर्षं एका बाकावर बसून एकमेकांची नावं माहीत नसलेली मुलं मी पाहिलीत. मला त्यांचं वाईट वाटायचं. खरं सांगायचं तर माझीही गत तीच होती.

एके दिवशी आमच्या मॅनेजरबाई, मिसेस कोल, म्हणाल्या की ईस्टरनंतर कॉमन रूमच्या क्लासरूम्स होणार आणि फुटबॉलच्या मैदानाचा कार पार्क. वापरतंय कोण?

त्याच आठवड्यात मीनल सबनीस माझ्या टेबलाशी आली. सेकंड इयरची, इथेच जन्मलेली. "काकू, तुमचा सही पाहिजे. मी सपोर्टर्स क्लब काढते. आपला टीमला कोणी बघायला येत नाही, इट्स सो सॅड."

मी सही केली आणि फॉर्म सरकवून दिला. ती जाईना. "तुम्ही पण येणार ना?"

"मला फुटबॉल आवडत नाही," मी म्हणाले. आयुष्यात इतकं खोटं मी क्वचित बोलले असेन.

पण ती पोर चिकट. आठवडाभर रोज यायची, आणि शेवटी मी तिला आमच्या पेठेबद्दल सांगून बसले: मॅचच्या दिवशी गल्लीत चूल कशी पेटायची, खेळाडूंना दूध कोण द्यायचं, हलगी कशी वाजायची. तिने ते वहीत उतरवून घेतलं! मग आम्ही बुधवारची मॅच तीनऐवजी दीडला घेतली, म्हणजे चार वीस चुकणार नाही. कॅन्टीनवाल्यांकडून सूप मागितलं. कॉमन रूमचे जुने निळे पडदे उतरवून झेंडे केले. पहिल्या मॅचला सातजण आले, त्यात दोघं ट्रेनची वाट बघत होते म्हणून. फेब्रुवारीपर्यंत चाळीस-पन्नास व्हायला लागले. मी मात्र ऑफिसच्या खिडकीतून बघायची. मैदानावर जायला पाय धजत नसे.

मग तो बुधवार आला. पाहुणी टीम बस भरून सपोर्टर्स घेऊन आली. त्यांची बस उशिरा पोचली, त्यामुळे मॅच अडीचला सुरू झाली. हाफटाइमनंतर त्यांचे सगळे सपोर्टर्स आमच्या गोलमागे जाऊन उभे राहिले. आमचा गोलकीपर हरजित, स्लाऊचा शीख मुलगा, डोक्याला काळा पटका. दुसऱ्या हाफच्या दहाव्या मिनिटाला त्यांनी सुरुवात केली. "गो होम! गो होम!" टाळ्यांच्या तालावर. हरजितने दोनदा मागे वळून पाहिलं. तिसऱ्यांदा वळला तेव्हा बॉल जाळ्यात होता.

मीनल धावत ऑफिसात आली. "काकू, रेफरी काही करत नाही. हरजित म्हणतो मी सोडून जाते. आणि आपले लोक पण चाललेत, ट्रेन आहे."

मी खुंटीवरचा अनोरॅक, टोपीचं जाड जाकीट, अंगात चढवला. निघाले, कशी ते आजही सांगता येत नाही. मैदान ओलांडलं आणि हरजितच्या मागे, त्या पोरांच्या पुढ्यात, जाळ्याला पाठ लावून उभी राहिले. साडी, वर अनोरॅक. त्यांच्यातल्या कुणीतरी काहीतरी फेकलं, माझ्या खांद्याला लागलं. मी डोळे मिटले नाहीत. मीनल शेजारी आली. मग एक आयरिश मुलगा, मग दोघी मुली, मग ओळच्या ओळ. कुणी घोषणा दिल्या नाहीत. नुसते उभे राहिलो. मागून हरजितचा आवाज आला, "आंटी, इकडेच थांबाल?"

"थांबते. तू बॉल बघ."

चारला आमच्यातला एकजण म्हणाला, "ट्रेन." कुणीच हललं नाही.

तेवढ्यात मीनलचे वडील तिला न्यायला आले. ब्रॅकनेलच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले सबनीस. संतापले. "वहिनी, हे काय चाललंय? मुलीला मार बसला तर जबाबदार कोण? मीनल, गाडीत बस."

मीनल रडत होती, पण म्हणाली, "बाबा, मी नाही येत. मॅच संपू दे."

 मला वाटलं, सबनीस तिला ओढून नेतात आता. त्यांनी समोरच्या पोरांकडे पाहिलं आणि टाय सैल करून लेकीच्या शेजारी उभे राहिले.

आम्ही दोन-एकने हरलो. पुढची ट्रेन तासाभराने होती. सगळे कॉमन रूममध्ये आले, घरी कळवायला फोनपाशी रांग लागली आणि मी टोस्ट भाजायला घेतले. हे मला शोधत आले. दारातच थांबून म्हणाले, "अगं, घरी कधी निघायचं?"

"अहो, कोट काढा, बसा," मी म्हणाले. "टोस्ट होतायत."

दर बुधवारी ती अशीच भरायला लागली, म्हणून कॉमन रूम वाचली. मैदानाचा निम्मा भाग कार पार्कमध्ये गेलाच. हरजितने पुढच्या वर्षी फुटबॉल सोडला. का, ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ज्यांनी त्याला छळलं त्यांना कुणी जाबही विचारला नाही, ही बोच आहे.

सुरेश, हे सगळं तुला तेव्हा लिहिलं नाही, कारण आधीची खोटी पत्रं उघडी पडली असती. आता लिहिते. आणि माझ्यासारखे गाव सोडून आलेले जे कुणी हे वाचतील, त्यांच्यासाठीही. गेल्या वेळी कोल्हापूरला आले तेव्हा तुझी बायको लगबगीने खुर्ची घेऊन आली. "वन्सं, बसा." मी बसले. तिने इतक्या मायेने दिलेली खुर्ची, पण मी आतून तुटले. माहेरी मी आता बसवली जाणारी पाहुणी झाले. इकडे दर बुधवारी कॉमन रूमचं दार मी उघडते, खुर्च्या मी मांडते, आणि कुणी नवीन पोर दारात घुटमळलं तर त्याला "ये, बस" म्हणणारी मीच असते.

घर कुठलं, असं हल्ली कुणी विचारलं की मी या खुर्च्यांबद्दल सांगते.