काजळी घासलेला डबा

नाशिकहून सकाळच्या एसटीने निघाले तेव्हा मांडीवर बाबांचा मेस-टिन (दांडीचा फौजी डबा) होता. बाबांना जाऊन वर्ष झालं. ज्या पलटणीत त्यांची उमेदीची वर्षं गेली, तिचं लहानसं संग्रहालय छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत आहे. ते लोक डबा ठेवून घेतील का, एवढीच धाकधूक होती. कळकट डबा कोण घेणार, म्हणून आदल्या दिवशी काथ्या आणि राख घेऊन मी तो असा घासला की त्यात तोंड बघून घ्यावं. फौजीची मुलगी, चकचकीत केल्याशिवाय चैन कुठली!

वैजापूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांनी बस बराच वेळ अडवली. शहरात उतरले तर रिक्षावाला म्हणाला, "वेरूळ ना?" छावणी म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. "तिथं काय बघायचं, मॅडम?" पण भला माणूस. वाटेत त्यानेच एक खानावळ दाखवली. नान आणि खलिया (मटणाचा पिवळसर पातळ रस्सा) पोटभर हाणला.

संग्रहालय सांभाळतात त्याच पलटणीतले निवृत्त हवालदार रशीदचाचा, मूळचे बिडकीनचे. त्यांनी डबा हातात घेऊन आधी उलटा केला.

"बुडाला काजळी नव्हती व्हय?"

"होती. मीच घासली."

"अरारा! काहून घासली, ताई?" मग खुर्ची पुढे करत म्हणाले, "आमचा इथं एकच कायदा हाय. वस्तूसंगं गोष्ट पायजे. नुसती भांडी बाजारात लई हायेत, ती आपण ठेवत नाय."

मला रडूच फुटायचं बाकी होतं. बाबांनी लढाईबद्दल घरात कधी चकार शब्द काढला नाही. तसं सांगितलं. मग एक गोष्ट आठवली. बिल्ल्यापासून बुटापर्यंत त्यांना सगळं लखलखीत लागे, पण या डब्याला बाहेरून घासणी लावू देत नसत. आम्ही ती त्यांची तऱ्हा समजून हसायचो.

रशीदचाचा उभे राहिले, टाचा जुळवून.

"हीच गोष्ट. वर चौकीवर बर्फ वितळवून दोघांचा चहा एका डब्यात व्हायचा. कधी जोडीदार वरच राहतो, खाली एकट्यालाच यावं लागतं. मंग त्या चुलीची काजळी कोण घासंल? जोडीदार कोण होता त्यांचा?"

मला ठाऊक नव्हतं. "मी सगळं घालवलं," एवढंच बोलले.

"डबा घासला, ताई. गोष्ट कुठं घासली?"

त्यांनी माझ्याकडूनच कार्ड लिहून घेतलं, काजळी मुलीने घासली हेसुद्धा. मग बघायला आलेल्या पाच-सहा जणांना थांबवून ते मोठ्याने वाचलं. इथे नवी वस्तू कपाटात जाते ती अशी वाचून दाखवूनच. बाबांच्या नावाला अनोळखी माणसं सावधान उभी राहिली. रशीदचाचांचे हे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत.

घरी आईला सगळं सांगितलं, घासल्याचं आणि जोडीदाराचंही. ती शेंगा सोलत होती.

"शंकर," ती म्हणाली. "साताऱ्याकडचा. आमच्या लग्नात ह्यांच्या मागे उभा होता."

"तू कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलंत?"

मी लगेच रशीदचाचांना फोन करून नाव कळवलं. बाबांना विचारायचं राहून गेलं, याची लाज वाटली. आई आहे, याचे देवाला मनापासून आभार मानले. मग शेंगांची परात माझ्याकडे ओढली आणि म्हटलं, "अजून सांग."