शनिवारीच उकळणारी बस

आमच्या सुआमेच्या गॅरेजवस्तीत बिरागोइतकी भांडकुदळ फिटर दुसरी नाही. मी तिच्या शेडसमोर केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, आणि तळलेले मासे विकते म्हणून तिची बाजू घेते असं कुणाला वाटत असेल, तर खुशाल वाटो! आधी ती गाड्यांच्या चटया विकायची. मामाच्या शेडमध्ये तिने पाना हातात घेतला तेव्हा नवरा खो खो हसला होता. आता तोच तिचा डबा घेऊन येतो. पण बाईची एक खोड भारी. बॉनेट उघडायच्या आधी ही ड्रायव्हरची उलटतपासणी घेते.

माझा धाकटा भाऊ सापाँग चालवतो ती मिनीबस दर शनिवारी उकळायला लागली. शनिवार म्हणजे अंत्यविधीचा दिवस, नातलग अख्खी बस ठरवतात. इतर फिटरांनी थर्मोस्टॅट काढून फेकला, रेडिएटर धुतला, गास्केट बदललं. आठवडाभर गाडी थंडगार, आणि शनिवारी मांपाँगच्या घाटात पुन्हा वाफा! मालकाने बजावलं, "आणखी एकदा उकळली तर किल्ली दुसऱ्याला." भावाच्या घरात दुसरी मिळकत नाही. माझ्या जिवाला घोर लागला.

"कधीपासून?" बिरागोने त्याला विचारलं.

"ईस्टरपासून."

"एरवी भरलेली बस घाट चढते?"

"मजेत चढते."

"मग शनिवारी वेगळं काय करतोस रे?"

"अगं, तू फिटर आहेस की फौजदार?" मी ओरडलेच. "फॅन बघ, बेल्ट बघ!"

"बघितलं सगळं, ठीक आहे. मावशे, तू मासे तळ. शनिवारी मी याच्याबरोबर जाणार."

मीही काळं नेसून गेले. मयताच्या अंगणात पोरांनी वडिलांचा फोटो छापलेलं भलंमोठं कापड बसच्या नाकावर ताणून बांधलं. बिरागोने कपाळावर हात मारला.

"अरे, जाळीच झाकली! आत वारा कुठून जाणार? हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"पूर्वी नुसती लाल-काळी फीत बांधायचे," सापाँग पुटपुटला. "ईस्टरपासून सगळ्यांना फोटो हवा. आणि मेलेल्याचा फोटो गॅरेजात कोण आणतं? कापड सोडून ठेवूनच येतो मी."

आता तो हलवायचा कसा? मयताला पुढून काढणं म्हणजे भांडणच.

"गप्प राहा, मी पाणी ओतत नेईन," सापाँग कुजबुजला. पण ऐकेल ती बिरागो कसली! सरळ विधवेपुढे, कोनादूपुढे जाऊन उभी राहिली.

"वहिनी, दादांना मागच्या काचेवर न्यायचंय."

"अपमान! आमच्या भावाचा अपमान!" दीर अंगावर धावून आले.

"आणि घाटात बस बंद पडून दादा उन्हात ताटकळले, तर तो मान का?"

कोनादू रडता रडता हसली. "जन्मभर मी याला म्हणत होते, जरा मागे बस. कुणाच्या बापाचं ऐकलं नाही. आज ऐकेल. बांधा मागे!"

घाटभर मी इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावरून नजर हटवली नाही. काटा मध्यावरून हलला नाही. वर पोचल्यावर सापाँगने बस कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडला. अंत्यविधीची बस होती, का रडतोस म्हणून कुणी विचारलंसुद्धा नाही.